आत्याबाईंचं मनगट आणि गल्लीभरचं कॅल्शियम

आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. माझ्या आत्याबाई दिवाळीनंतर अंगणात पडल्या, त्याला कारण शेळी. खाटेवर सांडगे वाळत घातले होते. समोरच्या काकूंची शेळी आली आणि पाहुणी पंगतीला बसावी तशी खायला लागली. आत्याबाई काठी न घेता नुसत्या पदर खोचून धावल्या. शेळी सटकली, आत्याबाई आपटल्या, आणि पडताना पुढं टेकवलेला उजवा हात मनगटात मोडला.

भोकरदनहून जालन्याला नेईपर्यंत गाडीत त्या एकदाही रडल्या नाहीत. हात उशीवर ठेवून एवढंच म्हणाल्या, "शेळी पडली असती तर बरं झालं असतं. पायाचा रस्सा तरी झाला असता."

प्लास्टर निघालं तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली. आतून निघालेला हात म्हणजे वाळलेली शेंग. बोटं वळेनात, मनगट फिरेना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की मोडलेलं जुळलंय, पण एकूणच हाडं विरळ झालीत, पुन्हा पडलात तर कंबरेवर येईल. रक्ताच्या तपासणीत ड जीवनसत्त्वही कमी निघालं होतं. ते उन्हानं मिळतं, असं डॉक्टर म्हणाले.

"उन्हानं?" आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू डॉक्टरची डिग्री तपासायची जबाबदारी माझी. "डाक्टर, माझा जलम कापूस येचण्यात गेला. जालन्याच्या उन्हात. आन मला ऊन कमी?"

"आता किती वेळ बसता उन्हात?"

शेत बटईनं दिल्यापासून त्या घरात असतात, पंख्याखाली, टीव्हीवरच्या सुनांना शिव्या देत. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, दूध-तीळ-अंडी सांगितली, सकाळचं कोवळं ऊन सांगितलं आणि ओला टॉवेल पिळायचा व्यायाम दाखवला. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"कुरडयापावतर हात फिरंल का?"

डॉक्टर बहुतेक कोकणातले असावेत. त्यांना काही कळलं नाही. मला कळलं.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात प्रत्येक घरच्या कुरडयांचा दिवस ठरलेला असतो. गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. सोऱ्या म्हणजे आत्याबाईंचा, पितळी, वरची मूठ फिरवायचा. एका हातानं नळी धरायची, दुसऱ्यानं मूठ फिरवायची, आणि नळी गोल गोल न्यायची. घर कुणाचंही असो, पहिली कुरडई आत्याबाईंच्या हातची. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, पण मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हापासून असंच आहे.

आणि ज्या बाईचं मनगट जातं, तिला राखणीला बसवतात. छत्रीखाली खुर्ची, हातात काठी, कावळे हाकलायचे. मान असतो तसा. चहा पहिला तिला. पण एकदा राखणीला बसलेली बाई परत सोऱ्यावर आलेली आमच्या गल्लीत कुणी पाहिली नाही. तिथून ती पुढं पुढं सरकत नाही, नुसती मागं मागं सरकते. आधी गच्चीवर, मग जिन्याखाली, मग खाटेवर. आत्याबाईंनी हे डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि परतीच्या गाडीत त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "मला काठी दिली ना बाई, तर मी त्या काठीनंच सगळ्यांला हानीन."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं मला वाटलं, हा विषय आपला. माझा अंदाज साफ चुकला, कारण हाड मोडलं की ते मोडणाऱ्याचं राहत नाही, गल्लीचं होतं.

सगळ्यात आधी समोरच्या काकू आल्या. शेळी त्यांची, त्यामुळं त्यांना जरा जास्तच कळवळा. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या शेळ्या-मेंढ्या, आणि त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर शेळीतलंच काहीतरी चालतं. सकाळी शेळीचं दूध, बुधवारी आणि रविवारी पाया. पातेलं घेऊन यायच्या, झाकण काढायच्या आणि वरच्या चिकट थराकडं बोट दाखवून म्हणायच्या, "हे बघा, हेच जाऊन मनगटाला चिटकतंय."

मी म्हणाले, "काकू, पोटात गेल्यावर ते मनगटाचा पत्ता कसा शोधतं?"

"मास्तरीणबाई, शेळीचं पाय, मानसाचं हात. घराणं एकच."

मग शहागडहून मावशी आल्या, आत्याबाईंच्या धाकट्या बहीण. त्या पिशवीभर हाडजोडी घेऊन आल्या. गोदावरीच्या काठानं कुणाच्या तरी कुंपणावर वाढलेली ती वेल, चौकोनी कांड्यांची. दिसायलाच मोडून जोडलेल्या हाडासारखी, त्यामुळं आत्याबाईंचा तिच्यावर बघताक्षणी विश्वास बसला. मावशी म्हणाल्या की चटणी करून द्या, आणि जालन्याची गाडी सुटेल म्हणून घाईनं निघून गेल्या. कांड्या आधी तेलात खरपूस भाजायच्या आणि चिंच घालायची, हे सांगायचं राहिलं. मी त्या धुतल्या आणि हिरव्या मिरचीबरोबर कच्च्याच वाटल्या. जेवायला बसलो आणि पहिल्या घासाला तिघांचेही घसे धरले. नवरा ताक पीत राहिला, मी गूळ खात राहिले, माझे हात कोपरापर्यंत खाजत होते. आत्याबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातूनच त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काम करून राह्यली बरं का. लागून राह्यलंय आतून."

मी मावशींना फोन केला. त्या पलीकडून इतक्या हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

नवऱ्यानं काय आणलं? बाटली. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि मागवून टाकली. बाटलीवर एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा खांद्यावर बैल घेऊन उभा. खाली मोठ्या अक्षरात 'शंभर टक्के नैसर्गिक'. मी बाटली फिरवून फिरवून बघितली, आत काय आहे ते कुठंच नाही. 'गुणकारी वनस्पती व खनिजे', बास.

"नैसर्गिक आहे ना, अपाय तर नाही," नवरा म्हणाला.

"विंचूही नैसर्गिकच असतो," मी म्हणाले.

आत्याबाईंना मात्र म्हातारा आवडला. बाटली त्यांनी टीव्हीशेजारी ठेवली.

आणि खुद्द आत्याबाईंचा स्वतःचा उपाय चुना. पानाचा चुना, गव्हाच्या दाण्याएवढा, ताकातून. लहानपणी त्यांच्या आईनं सांगितलेला. आता गव्हाचा दाणा केवढा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण आत्याबाईंच्या बोटावरचा गहू रोज थोडा थोडा वाढायला लागला. शेवटी एक दिवस तो हरभऱ्याएवढा झाला, जीभ पोळली, आणि दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. घरात एवढी शांतता होती की नवरा घाबरून तीनदा त्यांच्या खोलीत डोकावून आला.

डॉक्टरांच्या गोळ्यांचं काय? त्यांना त्या खडू म्हणायच्या. "खडू गिळायला लावती मास्तरीण." गोळी गालात धरून ठेवायच्या आणि मी वळले की मोरीत थुंकायच्या. एकदा मोरीत पांढरा गोल दिसला तेव्हा मला कळलं. मग मी रोज समोर उभी राहायला लागले, परीक्षेत पर्यवेक्षक उभा राहतो तशी. गिळा. पाणी प्या. तोंड उघडून दाखवा. जीभ वर करा. त्या तोंड उघडायच्या आणि त्यांच्या नजरेत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार असायचा.

एवढं सगळं एकाच वेळी चालू होतं, आणि माझ्यातली शिक्षिका अस्वस्थ होती. मी एक दिवस त्यांना शांतपणे समजावलं. म्हटलं, आत्याबाई, सगळं एकदम घेतलं तर कशानं गुण आला ते कळणार कसं? एक वेळी एक घेऊ. काही दिवस नुसतं हे, मग नुसतं ते. बरोबर तुलना होईल.

त्यांनी माझं पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "एकेक करून बघायला मी काय तुझ्या शाळेतली बेडकी हाय का? तुझी तुलना व्हईस्तवर चैत निघून जाईल. कुरडया माझ्यासाठी थांबनार हायेत का?"

मग मी निदान वस्तू तरी तपासू म्हटलं. रविवारी ओट्यावर बशा मांडल्या. एकीत बाटलीतली भुकटी, एकीत अंड्याचं कवच कुटून, एकीत वाळलेला चुना, एकीत तीळ, एकीत शेवग्याचा पाला. आणि तुलनेला म्हणून उंबऱ्याजवळच्या डब्यातली रांगोळी. सगळ्यांवर लिंबू पिळलं. मनात हिशोब असा की ज्यात कॅल्शियमचा दगड असेल ते फसफसेल.

बाटलीतली भुकटी फसफसली. कवच फसफसलं. चुन्यालाही थोडे बुडबुडे आले. आणि रांगोळी अशी काही फसफसली की काय सांगू. तीळ आणि शेवगा ढिम्म.

आत्याबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. "म्हंजे बाटलीत रांगोळी हाय?"

"तसं नाही म्हणता येत. दोन्ही फसफसले एवढंच."

"आन तिळात कायच न्हाई?"

"तिळात भरपूर असतं. पण ते असं फसफसत नाही."

"मंग ह्या परीक्षेतून तुला कळलं काय?"

काय कळलं? ओटा खराब झाला, एवढं कळलं. आत्याबाईंनी उरलेले सुके तीळ बशीतून उचलून तोंडात टाकले आणि चावत चावत म्हणाल्या, "तुझी पोरं पास कशी होतात?"

पण त्या परीक्षेनंतर त्यांनी तिळाला मनावर घेतलं. आमच्या घरी संक्रांत फाल्गुनापर्यंत चालली. रोज तिळाचा लाडू, शेवग्याची भाजी, अंडं. पुढच्या फेरीला मी बाटली, वेल, चुना सगळं पिशवीत घालून जालन्याला डॉक्टरांकडं नेलं आणि टेबलावर मांडलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, पाया आवडत असेल तर प्या, त्यानं हाड जोडेल असं समजू नका. चुना बंद, तो पोळतो. वेलीबद्दल लोक फार सांगतात, पण खात्रीनं सांगण्याइतकी माहिती माझ्याकडं नाही. बाटलीत काय आहे ते लिहिलेलंच नाही, तर मी ती घ्या कसं म्हणू? गोळ्यांतून कॅल्शियम जातंच आहे, वर आणखी भुकट्या खाल्ल्या तर मूतखडा व्हायचा. आणि व्यायाम करता का?

आत्याबाई छताकडं बघायला लागल्या. टॉवेल पिळणं हे औषध आहे असं त्यांना बिलकुल वाटत नव्हतं. शेवटी मी युक्ती केली. कणीक मळायचं काम त्यांच्याकडं दिलं आणि धुण्याचे पिळे त्यांच्या पुढं टाकले. सकाळी अंगणात उन्हाला बसून त्या कपडे पिळायच्या आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात काकूंना सांगायच्या, "हात मोडला तरी सून धुणं करून घेती."

त्याच काकू, आणि संध्याकाळी नवरा, रोज एकदा मनगट तपासायचे. दाबून बघायचे, वळवून बघायचे, आणि मावशी फोनवरून विचारायच्या. प्रत्येकाचा प्रश्न एकच, माझं चालू आहे ना? आणि आत्याबाई प्रत्येकाला एकच सांगायच्या, "तुझ्यावरच हाय बाई सगळं." नवऱ्याला बाई ऐवजी बाबा. बाटली जागची हललेली नव्हती, पण त्यालाही तेच. मी विचारलं, खोटं कशाला बोलता? तर म्हणाल्या, "कुनी चालत येतं, कुनी एसटीनं येतं. त्यांच्या तोंडावर वेल फेकू का?"

चैत्र आला. पहिला दिवस आमच्या घरचा. आदल्या संध्याकाळी मावशी शहागडहून आल्या, आणखी वेल घेऊन. पहाटे चीक शिजवला. गच्चीवर धोतरं अंथरली. आणि मी वर गेले तर पाण्याच्या टाकीजवळ छत्री बांधलेली, खाली खुर्ची, खुर्चीला टेकवून काठी. काकूंनी मांडलं होतं सगळं. वाईट मनानं नाही. चांगल्याच मनानं.

आत्याबाई जिना चढून वर आल्या, एकेक पायरी, माझा दंड धरून. त्यांनी खुर्ची बघितली. काकू म्हणाल्या, "आवंदा तुमी सावलीला बसा आक्का. मान तुमचाच."

आत्याबाई सरळ धोतराशी गेल्या, खाली बसल्या आणि सोऱ्याकडं हात केला. मी चीक भरून दिला. त्यांनी डाव्या हातानं नळी धरली, उजव्यानं मूठ. दात ओठावर. मूठ फिरली. शेवया खाली उतरल्या, एक वेढा, दुसरा, तिसरा, मधे जाळी, आणि कुरडई पुरी झाली. अगदी गोल नव्हती. पण होती.

आणि मग गच्चीवर जे भांडण लागलं, ते काय वर्णावं. काकू म्हणाल्या, पाया. मावशी म्हणाल्या, कसला पाया, वेल. काकू म्हणाल्या, वेलीनं तर घसे धरले होते सगळ्यांचे. नवरा जिन्यातून डोकं काढून म्हणाला, बाटली. त्याला दोघींनी मिळून खाली पाठवला. चिकाची वाफ निघून चालली होती आणि त्या दोघी शेळी थोर की गोदावरी थोर यावर आल्या होत्या.

आत्याबाईंनी दुसरी कुरडई धरली. मी शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. मूठ फिरत नव्हती. त्यांनी जोर लावला, मूठ जागची हलेना. त्यांनी इकडं तिकडं बघितलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. शेळीच्या मागं धावणारी बाई एका पितळी मुठीला घाबरली होती.

"धर," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मूठ फिरवली. नळी त्यांनीच नेली, गोल गोल, नेहमीसारखी. तिसरीलाही तसंच. चौथीला. भांडण संपवून दोघी वळल्या तेव्हा आम्ही एक ओळ पुरी केली होती.

"सुनेला शिकवून राह्यल्या का?" काकूंनी विचारलं.

"मंग? कवर मीच घालू," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्यात टपटप वाजलं. शेळी. तीच. वर आली, चारी बाजूंना बघितलं आणि कडेच्या कुरडईला तोंड लावलं. मी ओरडले, "आत्याबाई, उठू नका." पण त्या उठल्याच नव्हत्या. बसल्या जागेवरून त्यांनी काकूंकडं पाहिलं, मग खुर्चीकडं.

"शेळी तुझी हाय का न्हाई?"

"हाय, आक्का."

"मंग राखणीला तू बस."

काकू नुसत्या म्हणायला, वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, राखणीचं वय नव्हतं. पण शेळी कुरडई खात होती आणि सगळ्यांच्या देखत खात होती, त्यामुळं त्यांना उठावंच लागलं. त्या छत्रीखाली जाऊन बसल्या, काठी घेतली आणि दुपारपर्यंत शेळीला शिव्या देत राहिल्या. चहा पहिला त्यांना दिला. त्यानंतरच्या सगळ्या घरी आत्याबाई सोऱ्यावर, शेजारी मी. शिकाऊ म्हणून.

आमच्या कुरडया झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या घाईत होते. आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या. माझ्यापुढं दुधाचा पेला ठेवला, त्यावर तिळाचा लाडू. मी म्हटलं, आता नको, उशीर होतोय.

"खा."

"मला काय झालंय आत्याबाई?"

"तुला कायच न्हाई झालं. म्हनूनच खा." त्यांनी माझं मनगट धरलं आणि गल्लीनं त्यांचं दाबून बघितलं होतं तसं दाबून बघितलं. "माझं जेवढं जुळायचं तेवढं जुळलं. आता मूठ तुझ्या हातावर फिरती. उद्या मला उठवायला, बसवायला, जिना चढवायला हीच हाडं लागनार हायेत. ती विरळ झाली तर मी कुनाकडं बघू?"

मी लाडू खाल्ला, दूध प्यायले. त्या समोरच उभ्या होत्या, हलल्या नाहीत.

"गिळलं?"

"गिळलं."

"तोंड उघडून दाखव."

मी तोंड उघडून दाखवलं.